हातात अठ्ठीची जोडी, पण बोलायची पाळी आधी

तीन पानीत जोडी आली की खेळणारा खूश होतो. पोकरच्या स्पर्धेत मात्र सत्ती ते दश्शीची जोडी भल्याभल्यांना बाहेर बसवते. त्यातही बिग ब्लाइंडवर बसलेल्याचे हाल जास्त, कारण पानं उघडल्यावर रेज करणाऱ्याच्या आधी त्यालाच बोलावं लागतं.

हिशेब बघा. हातात अठ्ठीची जोडी आहे. टेबलावर पहिली तीन पानं उघडली की त्यात अठ्ठी येण्याची शक्यता 12 टक्क्यांच्याही आत, म्हणजे साधारण साडेआठ वेळा खेळल्यावर एकदा. उलट नव्वी ते एक्का यातलं एखादं तरी पान पडण्याची शक्यता जवळपास 87 टक्के! मग चेक केलं तर समोरचा दाबतो, बेट लावली तर वरून रेज बसते.

म्हणून दोघांकडेही भरपूर चिप्स असतील तर रेजला स्वस्तात कॉल करायचा. अठ्ठी आली नाही आणि समोरून जोर वाढतच गेला, तर पानं टाकलेली बरी.

चिप्स 10 बिग ब्लाइंडइतक्याच उरल्या असतील तर गोष्ट वेगळी. तिथे वाट बघत बसण्यात काही हशील नाही, पहिल्याच फेरीत ऑल-इन. समोर राजा-राणी निघाली तरी अठ्ठीची जोडी थोडी का होईना पुढेच असते.