पोथीतले बोर्डिंग पास

मावशीच्या गुरुचरित्रात ठिकठिकाणी खुणा घातलेल्या होत्या. एक खूण सहज उपसून पाहिली, तर तो बोर्डिंग पासचा तुकडा निघाला. मुंबई ते फ्रँकफर्ट. पुढच्या अध्यायात फ्रँकफर्ट ते नेवार्क. मावशी डोंबिवलीची, लेक न्यू जर्सीत एडिसनला. दोन बाळंतपणं, एक घराची वास्तुशांत, नातवाची मुंज असं करत मावशीच्या सात वाऱ्या झाल्या होत्या.

"कागद जाड असतो रे त्यांचा," मावशी म्हणाली. "पान दुमडत नाही."

मुंबई ते फ्रँकफर्ट साधारण ४,१०० मैल, तिथून नेवार्क ३,९००. म्हणजे एका वारीचे जाऊन-येऊन १६,००० मैल आणि सात वाऱ्यांचे लाखाच्या वर. यातलं खात्यावर काय जमलं, असं विचारल्यावर मावशीने कपाटातून प्लॅस्टिकची तीन कार्डं काढली. तीन वेगवेगळ्या विमान कंपन्यांची. कुठल्या वारीला एजंटाने एक काढून दिलं होतं, कुठल्या वारीला विमानात वाटलेला फॉर्म शेजारच्या बाईने भरून दिला होता. तिन्ही कंपन्या एकाच आघाडीतल्या, आणि तिन्ही खात्यांत मिळून एका बाजूच्या तिकिटाचे माइल्स नव्हते. जे होते, त्यातल्या बहुतेकांची मुदत संपलेली.

ही गोष्ट एकट्या मावशीची नाही. मुलांकडे जाऊन-येऊन असणारी आईवडिलांची एक अख्खी पिढी ठाणे-पुण्यात आहे. ती दुधाच्या पिशव्या धुऊन रद्दीला देते आणि हजारो माइल्स मात्र हवेत सोडते.

माइल्सची कल्पना अमेरिकेतली. तिथे १९७८ साली कायदा बदलला आणि भाडी व मार्ग ठरवायचं सरकारने सोडून दिलं. कंपन्यांमध्ये दराची मारामारी सुरू झाली. भाडं पाडून ओढलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याने आणखी पाडलं की निघून जाणार, हे उघड होतं. त्याला धरून ठेवायला मे १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ‘अॅडव्हान्टेज’ ही योजना काढली. थोड्याच दिवसांत युनायटेडने आपली आणली. हिशेब भाजीवाल्याचा होता. उडालेल्या विमानातली रिकामी खुर्ची म्हणजे संध्याकाळी उरलेली मेथीची जुडी, उद्या तिला किंमत नाही. मग ती नेहमीच्या गिऱ्हाइकाला वर घातली तर आपलं जातं काय?

पण एक कंपनी जगभर कुठे कुठे उडणार? म्हणून १४ मे १९९७ रोजी एअर कॅनडा, लुफ्तान्सा, एसएएस, थाई आणि युनायटेड या पाच कंपन्यांनी स्टार अलायन्स स्थापन केली. १९९९ मध्ये वनवर्ल्ड आली, २००० मध्ये स्कायटीम. आघाडी हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. जागावाटप, रुसवेफुगवे, पक्षांतर सगळं तिथेही आहे. स्टारच्या पाच संस्थापकांपैकी एसएएस ३१ ऑगस्ट २०२४ ला बाहेर पडली आणि दुसऱ्याच दिवशी स्कायटीममध्ये जाऊन बसली. आपल्या एअर इंडियाला २००७ च्या डिसेंबरात स्टारचं निमंत्रण आलं, २०११ मध्ये बोलणी थांबली आणि प्रत्यक्ष प्रवेश झाला ११ जुलै २०१४ रोजी. किंगफिशर वनवर्ल्डच्या उंबऱ्यापर्यंत गेली होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये प्रवेशाला आठवडा उरला असताना तो लांबणीवर पडला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तिची विमानंच जमिनीवर आली.

प्रवाशाच्या दृष्टीने आघाडीचा अर्थ एवढाच, की विमान कुणाचंही असो, माइल्स कुठल्या पासबुकात भरायचे ते तुम्ही ठरवायचं. लुफ्तान्साने जा आणि माइल्स युनायटेडच्या खात्यात घ्या, एअर इंडियाने जा आणि सिंगापूरच्या खात्यात घ्या. नंतर त्याच पासबुकातून तिसऱ्याच कंपनीचं तिकीट काढा. अटी दोन. एक उड्डाण एकाच खात्यात चढतं, आणि एका खात्यातून दुसऱ्या कंपनीच्या खात्यात सहसा वळतं होत नाही. मावशीची तीन कार्डं म्हणजे तीन पतसंस्थांमध्ये ठेवलेली चिल्लर. आघाडीची गंमत एका पासबुकात आहे आणि ती नेमकी एजंट सांगत नाही, कारण त्याला त्यात काही सुटत नाही.

पासबुक निवडताना पाहायचं ते मुदतीकडे. सिंगापूर एअरलाइन्सचे माइल्स तीन वर्षांनी बाद होतात, युनायटेडने २०१९ पासून मुदत काढूनच टाकली. दोन वर्षांतून एकदा जाणाऱ्या मावशीला मुदतीचं खातं देणं म्हणजे फ्रिज नसलेल्या घरी आम्रखंड पाठवणं.

किती माइल्स मिळणार, हे एका अक्षरावर ठरतं. तिकिटाच्या दराला इंग्रजी अक्षराची एक श्रेणी असते: वाय, बी, एम, के, एल, टी वगैरे. काही बोर्डिंग पासवर ती छापलेली असते, ई-तिकिटावर तर असतेच. एकाच रांगेत शेजारी शेजारी बसून तीच पोळी-भाजी खाणाऱ्या तिघांची अक्षरं तीन असू शकतात. एकाला अंतराच्या शंभर टक्के माइल्स, दुसऱ्याला पंचवीस टक्के, तिसऱ्याला शून्य. म्हणजे १६,००० मैलांच्या वारीचे कुणाला १६,००० मिळतात, कुणाला ४,०००. सहल कंपन्यांच्या घाऊक तिकिटांवर बरेचदा काहीच मिळत नाही. स्वस्तातलं तिकीट घेऊ नका असं मी म्हणत नाही. दोन तिकिटांत पाचशे रुपयांचा फरक असेल तेव्हा अक्षर पाहा, इतकंच.

खरं तर माइल आणि मैल यांचा संबंध आता सुटत चालला आहे. डेल्टा आणि युनायटेडने २०१५ मध्ये, अमेरिकनने २०१६ मध्ये स्वतःच्या तिकिटांवर अंतराऐवजी मोजलेल्या पैशांवर माइल्स द्यायला सुरुवात केली. एअर इंडियाच्या योजनेने २०२४ च्या एप्रिलमध्ये तीच वाट धरली. विस्तारा तिच्यात विलीन झाल्यावर या योजनेचं नाव ‘महाराजा क्लब’ झालं. पण मेख अशी, की तेच तिकीट आघाडीतल्या दुसऱ्या पासबुकात नेलं तर तिथे अजूनही अंतर आणि अक्षर पाहून माइल्स मिळू शकतात. स्वस्तात लांबचा प्रवास करणाऱ्याला हे सोयीचं, महागात जवळचा प्रवास करणाऱ्याला पहिलं. दोन्हीकडचा गुणाकार कागदावर करून पाहायला पाच मिनिटं लागतात.

नावाचा घोळ हे खास आपलं दुखणं. पासपोर्टवर स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. तिकिटावर पहिली दोन नावं जोडून एकच लांबलचक शब्द. खात्यावर नुसतं स्वतःचं नाव आणि आडनाव. संगणकाला ही तीन माणसं वाटतात. मावशीच्या शेवटच्या वारीचे माइल्स मागायला आम्ही अर्ज केला (राहिलेले माइल्स मागायला बहुतेक ठिकाणी सहा महिने ते वर्षभर मुदत असते), तर उत्तर आलं, नाव जुळत नाही. पोथीतले दोन बोर्डिंग पास काढले, तेरा आकडी तिकीट क्रमांक शोधला, पासपोर्टची प्रत जोडली. पुन्हा नकार. तिसऱ्यांदा पाठवल्यावर सात आठवड्यांनी माइल्स चढले. "अन्नपूर्णेच्या देवळातले आशीर्वाद लवकर पोचतात," असं मावशी म्हणाली.

कमावणं सोपं वाटावं असा भाग यापुढे आहे. माइल्सवर मिळणाऱ्या खुर्च्या कंपनी हातचं राखून सोडते, आणि आघाडीतल्या परक्या पाहुण्यांसाठी त्याहून कमी. काही जागा वेळापत्रक उघडतं तेव्हा, म्हणजे सुमारे अकरा-साडेअकरा महिने आधी दिसतात, तर काही शेवटच्या पंधरवड्यात, विमान भरत नाही अशी खात्री झाल्यावर. मधल्या काळात, विशेषतः मे महिना आणि दिवाळीला, शुकशुकाट. कधी एका कंपनीच्या पडद्यावर खुर्ची दिसते, बुक करायला गेलं की नाहीशी होते. या खेळातले लोक तिला भुताची खुर्ची म्हणतात. म्हणून फोन करून खात्री होईपर्यंत बँकेच्या कार्डावरचे गुण विमान कंपनीच्या खात्यात हलवू नयेत. एकदा हलवलेले परत येत नाहीत.

आणि ‘फुकट’ हा शब्द डोक्यातून काढावा. विमानतळाचे कर तर द्यावेच लागतात. त्याशिवाय काही कंपन्या इंधन अधिभाराच्या नावाखाली अशी रक्कम लावतात, की माइल्स देऊनही वर तिकिटाच्या निम्मे पैसे जावेत. इथे पासबुक पुन्हा कामाला येतं. युनायटेडच्या माइल्सवर आघाडीतल्या दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढलं तर हा अधिभार लागत नाही. एअर कॅनडाच्या ‘एरोप्लॅन’नेही २०२० च्या नोव्हेंबरपासून तो काढून टाकला. विमान तेच, खुर्ची तीच, पण पैसे कुठल्या दारातून गेलात त्यावर.

हे एवढं किचकट का, याचं उत्तर करोनाच्या वर्षात मिळालं. विमानं उभी, तिजोऱ्या रिकाम्या. २०२० च्या जूनमध्ये युनायटेडने आपली माइल्स योजना तारण ठेवून पाच अब्ज डॉलर उभे करायचं जाहीर केलं. त्या कागदपत्रांत योजनेची किंमत लावली होती सुमारे २२ अब्ज डॉलर. शेअर बाजार त्या वेळी अख्ख्या कंपनीला याहून कमी मोजत होता! कारण माइल्स म्हणजे बक्षीस नाही, चलन आहे. कंपनी ते छापते आणि बँकांना रोख पैशाने विकते, बँका ते आपल्याला कार्डाबरोबर वाटतात. छापणारा तोच आणि भाव ठरवणाराही तोच. युनायटेडने २०१९ मध्ये किती माइल्सला कुठलं तिकीट, याचा छापील तक्ताच काढून टाकला. आता रोजचा भाव रोज.

या चलनावर आपला हक्क किती, हे मिनेसोटातल्या एका रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, खटल्यात दिसलं. नॉर्थवेस्ट कंपनीने सारख्या तक्रारी करतात म्हणून त्यांचं खातं बंद केलं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१४ मध्ये सगळ्या न्यायमूर्तींनी एकमताने कंपनीच्या बाजूने कौल दिला. उलटा किस्सा जेट एअरवेजचा. १७ एप्रिल २०१९ ला विमानं थांबली, पण माइल्स योजना वेगळ्या कंपनीकडे असल्याने ती मागे उरली आणि ‘इंटरमाइल्स’ या नव्या नावाने चालत राहिली. नवरा गेला, मंगळसूत्र राहिलं.

अर्थात या चलनाच्या छापखान्यालाही फसवणारे भेटतात. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स या इंजिनिअराने एका खाद्य कंपनीची जाहिरात बारकाईने वाचली. वेष्टनावरचे दहा बारकोड पाठवा, हजार माइल्स घ्या. त्यांनी पंचवीस सेंटवाल्या पुडिंगच्या १२,१५० वाट्या घेतल्या, वेष्टनं सोलायला एका धर्मादाय संस्थेची माणसं लावली आणि पुडिंग त्यांनाच दान केलं. तीन हजारांहून थोड्या अधिक डॉलरांत बारा लाखांवर माइल्स.

मावशीला हा किस्सा फार आवडला. तिने विचारलं, "आणि ते पुडिंग कसं लागत होतं?"

तिचं प्रकरण शेवटी लेकीने मार्गी लावलं. लेकीच्या युनायटेडच्या खात्यात अमेरिकेतल्या कार्डाचे माइल्स होते, ते तिने आईसाठी वापरायचे ठरवले. जूनमधल्या एका मंगळवारी मुंबई ते फ्रँकफर्ट ते नेवार्क अशी एक खुर्ची दिसली, भुताची नव्हे, खरी. करापुरते काही हजार रुपये गेले. "फुकट म्हणाला होतास ना?" मावशीने ऐकवलंच. माइल्सच्या तिकिटावर माइल्स मिळत नाहीत हे कळल्यावर ती आणखी हिरमुसली. परतीची खुर्ची काही सापडली नाही, ते तिकीट विकत घेतलं, अक्षर बघून.

निघताना तिला दोनदा बजावलं होतं, येताना बोर्डिंग पासचा फोटो पाठव, अक्षर नीट दिसू दे. डिसेंबरात पहाटे तीनला नेवार्कहून फोटो आला. नाव स्वच्छ, खुर्ची स्वच्छ, तारीख स्वच्छ. अक्षरावर मावशीचा अंगठा होता.