चालत्या दुर्बिणीचे भाग बदलताना

पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावहून खोडदकडे निघालं की शेतांच्या वर तारेच्या जाळीच्या अवाढव्य तबकड्या डोकावू लागतात. एकेकीचा व्यास 45 मीटर, तरी तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटीच्या, अशा 30 तबकड्या आहेत. 14 मध्यभागी दाटीवाटीने, उरलेल्या 16 तीन दिशांना, सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या.

खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात ही दुर्बीण उभी केली, हा इतिहास बऱ्याच जणांना ठाऊक असतो. त्यामागचा हिशेब मात्र थोड्यांनाच. मीटरभर लांबीच्या लहरी ऐकायच्या, 21 सेंटिमीटरच्या खाली फारसं उतरायचं नाही, हे आधी ठरलं. मग अखंड पत्रा कशाला? 10 ते 20 मिलिमीटर भोकांची स्टेनलेस स्टीलची जाळी पोलादी दोरखंडांवर ताणून बसवली की भागतं. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका. सांगाडा हलका, म्हणून खर्च कमी. खर्च कमी, म्हणून तबकड्या जास्त. एवढ्या मोठ्या यंत्राची सगळी जुळणी या एका निर्णयावर बेतलेली आहे.

खरी कसोटी पुढे लागली. 2010च्या दशकात दुर्बीण अद्ययावत करायचं ठरलं, तेही निरीक्षणं फारशी न थांबवता. तबकडीच्या नाभीवर, पृष्ठभागापासून साडेअठरा मीटर वर, एक चौतोंडी फिरता मनोरा असतो. प्रत्येक तोंडावर वेगळ्या कंप्रतेच्या लहरी पकडणारा ग्राहक. हवा तो तबकडीकडे फिरवायचा. तोंडं चार आणि जुने कंप्रता-पट्टे पाच, म्हणून 233 आणि 610 मेगाहर्ट्‌झ एकाच तोंडावर नांदत होते. 550 ते 850चा नवा रुंद पट्टा हवा, तर 233वर पाणी सोडावं लागलं. बरं, ग्राहक बदलून काम संपत नाही. त्यामागचा प्रवर्धक, नियंत्रण कक्षापर्यंतची प्रकाशतंतूची वाट, तिथे तबकड्यांच्या 435 जोड्यांचे संदेश पडताळणारे संगणक, सगळ्यांनाच नवा भार पेलावा लागतो. एकावेळी हाताळायचा पट्टा 32 वरून 400 मेगाहर्ट्‌झपर्यंत वाढला होता. म्हणून नवी साखळी जुनीच्या शेजारी बसवली आणि तबकड्या टप्प्याटप्प्याने नव्या केल्या. अशा कामात हुशार अभियंत्यापेक्षाही, कोणाचा भाग कुठे संपतो आणि पुढच्याचा कुठे सुरू होतो हे लिहून ठेवणारा चिकाटीचा माणूस जास्त उपयोगी पडतो, असं वाटल्यावाचून राहत नाही. स्क्वेअर किलोमीटर अॅरे या जागतिक रेडिओ दुर्बीण प्रकल्पाच्या नियंत्रण प्रणालीच्या आराखड्याचं नेतृत्व जीएमआरटी चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए या संस्थेकडे आलं, यात आश्चर्य नाही.

जीएमआरटीच्या आराखड्यात न बसणारी गोष्ट एकच: बाहेरचा गोंगाट. दुर्बीण ऐकते ते संदेश इतके क्षीण, की मोबाइल मनोरे, वीजवाहिन्यांवरच्या ठिणग्या, अगदी स्वतःचे संगणकही तिला छळतात. संगणकांना निदान धातूच्या आवरणात कोंडता येतं. गावांना कसं कोंडणार?

पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा आधी आखलेला मार्ग नारायणगाव परिसरातून जात होता. गोंगाटात आणखी भर पडेल म्हणून जीएमआरटीने हरकत घेतली. त्यानंतर रेल्वेने शिर्डीकडून वळसा घालणारा पर्याय पुढे केला, आणि जुन्नर, आंबेगाव, खेडमधून जुन्याच मार्गाची मागणी जोर धरू लागली. इथल्या टोमॅटो-भाजीपाल्याच्या पट्ट्याला ही रेल्वे कित्येक वर्षांपासून हवी आहे. रूळ दुर्बिणीपासून किती दूर न्यायचे, त्यांचा काही भाग बोगद्यात घालता येईल का, आणि त्या वाढीव खर्चाचा बोजा कोणी उचलायचा, यावर वाद चालले आहेत. नाभीवरच्या मनोऱ्यावर कोणता पट्टा ठेवायचा हे खोडदला ठरवता आलं. रुळांचा निर्णय मात्र त्याच्या हातात नाही.