यजमान निजण्यापूर्वी

एका खऱ्या संगणकात चार-पाच आभासी संगणक नांदवता येतात. लिनक्सच्या गाभ्यात २००७ साली केव्हीएम ही सोय आली, तेव्हापासून हे बरेच सोपे झाले. खऱ्या यंत्राला यजमान म्हणतात आणि आभासी यंत्रांना पाहुणे. प्रश्न येतो तो यजमान बंद करताना.

पाहुणा आपल्या परीने पूर्ण संगणक असतो. यजमानाच्या लेखी मात्र तो इतरांसारखाच एक चालू प्रोग्राम. बंद होताना लिनक्स प्रत्येक प्रोग्रामला 'आवरा' असा संकेत देते आणि न ऐकणाऱ्याला काही वेळाने सक्तीने थांबवते. पाहुण्याला चालवणारा प्रोग्राम हा संकेत ऐकून मुकाट्याने थांबतो. आत चाललेल्या यंत्राला त्याचा पत्ताच नसतो. त्याच्या दृष्टीने कोणी वायर उपटली!

यात बिघडते काय? समजा, पाहुण्यावर आपण मुलांचे गुण भरत आहोत. लिहिलेली माहिती लगेच डिस्कवर जातेच असे नाही. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत ती सुमारे ३० सेकंद स्मृतीतच थांबू शकते. फाइल-व्यवस्थेची नोंदवही, म्हणजे जर्नल, असल्यामुळे डिस्कचा सांगाडा सहसा शाबूत राहतो. पण शेवटच्या दहा मुलांचे गुण? ते गेलेले असू शकतात.

म्हणून लिबव्हर्ट-गेस्ट्स ही सेवा सुरू ठेवावी आणि तिच्या मांडणीत 'शटडाउन' हा पर्याय निवडावा. यजमान बंद होऊ लागला की ही सेवा प्रत्येक पाहुण्याचे आभासी पॉवरबटण दाबते. मग पाहुणा रीतसर आवरून बंद होतो. अर्थात, बटण दाबलेले ऐकणारे आत कोणी हवे. हे आधीच तपासता येते. 'व्हर्श शटडाउन' या आज्ञेपुढे पाहुण्याचे नाव लिहून पाहावे. तो बंद झाला नाही, तर ऐन वेळीही होणार नाही.

वाट किती पाहायची, हा हिशेब मात्र आपणच करायचा. लिबव्हर्टच्या मूळ मांडणीत एका पाहुण्यासाठी ३०० सेकंद असतात आणि पाहुणे एकामागून एक बंद होतात. पाचही अडून बसले तर २५ मिनिटे! वीज गेल्यावर यूपीएस तेवढा वेळ टिकेलच असे नाही. तेव्हा मुदत कमी करावी, किंवा पाहुण्यांना एकदमच निरोप देण्याची सोय वापरावी.

'सस्पेंड' हा दुसरा पर्यायही आहे. त्यात पाहुण्याची सगळी स्मृती डिस्कवर उतरवून ठेवतात. जागा झाल्यावर तो तिथूनच पुढे चालू लागतो. मात्र त्याचे घड्याळ मागे पडलेले असू शकते.