गुन्हेशास्त्र शिकून पुढे काय?

गुन्हे का घडतात, ते कोणाच्या हातून घडतात आणि पोलीस, न्यायालय व तुरुंग त्यांची दखल कशी घेतात, याचा अभ्यास म्हणजे गुन्हेशास्त्र. समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि कायदा या तिन्हींशी त्याचे नाते आहे. रक्ताचे डाग, बोटांचे ठसे, व्हिसेरा ही मात्र न्यायसहायक विज्ञानाची बाब. मालिका पाहून या वाटेला लागलेले विद्यार्थी दोहोंत गल्लत करतात आणि ती महागात पडते. प्रयोगशाळेतल्या पदांसाठी विज्ञानाची पदवी लागते, गुन्हेशास्त्रातली एम.ए. तिथे कामाची नाही.

प्रयोगशाळेची ओढ असेल, तर निर्णय बारावीनंतरच घ्यावा लागतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचे एक संकुल गोव्यातही आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे या मनुष्यबळाची गरज वाढतच जाणार.

‘गुन्हेशास्त्रज्ञ’ या नावाची सरकारी जागा मात्र सहसा निघत नाही. एमपीएससीच्या पोलीस उपनिरीक्षक परीक्षेला कोणतीही पदवी चालते, आणि यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांत गुन्हेशास्त्र नाहीच. तिकडे जायचे असेल, तर समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा कायदा हा विषय निवडणे शहाणपणाचे. एकट्या गुन्हेशास्त्राच्या बळावर नोकरी शोधणाऱ्याची निराशा होण्याचीच शक्यता अधिक, सोबत एलएल.बी., समाजकार्य किंवा संख्याशास्त्र असले, की चित्र पालटते.

या विषयाची खरी गरज भासते ती तुरुंग आणि न्यायालयाच्या आवारात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार देशातल्या कैद्यांपैकी सुमारे 76 टक्के कच्चे कैदी होते. त्यातल्या कित्येकांना जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही, वकिलाशी गाठ पडत नाही, घरच्यांना पत्ता नसतो. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून अशा कैद्यांसोबत काम करतो. याच संस्थेच्या पुढाकाराने 1984 मध्ये मुंबई पोलिसांच्या यंत्रणेत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. शिवाय 1958 च्या परिविक्षा कायद्याखालचे परिविक्षा अधिकारी, बाल न्याय मंडळ, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि विधी सेवा प्राधिकरण अशी ठिकाणे आहेत. यातली बरीच कामे कंत्राटी असतात आणि पगारही बेताचा असतो, हे आधीच माहीत असलेले बरे.

बँका, विमा कंपन्या आणि लेखापरीक्षण संस्थांत आर्थिक फसवणुकीच्या तपासासाठी माणसे लागतात. तिथे हिशेबाची किंवा संगणकाची जाण नसेल, तर निभाव लागत नाही. अध्यापन आणि संशोधनासाठी यूजीसी-नेटमध्ये गुन्हेशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे.

तयारीत आकडेवारी वाचण्याची सवय सर्वांत महत्त्वाची. एकाच एफआयआरमध्ये अनेक कलमे असली, तर राष्ट्रीय अहवालात त्यातला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. बलात्कार करून खून झाला, तर नोंद खुनाखाली होते. हा नियम ठाऊक नसलेला विद्यार्थी तक्त्यांवरून भलतेच निष्कर्ष काढतो. आकड्यांइतकाच इतिहासही माहीत हवा. 1871 पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी पारधी व इतर विमुक्त समाजांवरचा संशय अजून सरलेला नाही. महाराष्ट्रात काम करणाऱ्याने हा इतिहास पुस्तकाबरोबरच पालावर जाऊनही समजून घ्यावा.

फिर्याद, पंचनामा, दोषारोपपत्र, जामीनअर्ज हे कागद मूळ मराठीत वाचता यायला हवेत. जिल्हा पातळीवरचा बराचसा व्यवहार त्याच भाषेत चालतो. सत्र न्यायालयातली सुनावणी बहुधा कोणालाही बसून ऐकता येते. कारागृहात काम करायला मात्र विभागाची परवानगी लागते. ती हाती यायला वेळ जातो, म्हणून महाविद्यालयामार्फतचा अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच द्यावा.