विज्ञानकथेचे संमेलन : वाचकाला लेखक करणारे व्यासपीठ

विशेष प्रतिनिधी
कोराडी (जि. नागपूर)

कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रातील पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची एक कथा दाखल झाली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि मग उलगडा झाला, की हे जगताप म्हणजे ख्यातनाम खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर! आपल्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नीच्या हस्ताक्षरात पाठविली होती. परीक्षकांनी नावाकडे न पाहता कथेकडे पाहावे, एवढाच त्यामागचा हेतू.

डॉ. नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. मराठी विज्ञानकथेचा पुढचा लेखक कोठून येणार, हा प्रश्न त्यानंतर साहजिकच विचारला जातो. जगभर या प्रश्नाचे एक उत्तर गेली अनेक दशके दिले जात आहे. ते म्हणजे विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांच्या वाचकांनी स्वतः भरविलेले संमेलन. असे संमेलन म्हणजे नेमके काय, तेथे काय चालते आणि मराठीत त्याचे काय, याचा हा आढावा.

वीस जणांपासून सुरुवात

अशा संमेलनांचा आरंभ साधारणपणे इंग्लंडमधील लीड्स येथे ३ जानेवारी १९३७ रोजी झालेल्या बैठकीपासून मानला जातो. उपस्थिती जेमतेम वीसच्या घरात. पण त्यात १९ वर्षांचा आर्थर सी. क्लार्क होता. पुढे १९३९ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्क येथे पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. सुमारे दोनशे जण जमले. त्यांत १९ वर्षांचे आयझॅक असिमोव्ह होते आणि मित्राकडून उसने पैसे घेऊन लॉस एंजलिसहून बसने आलेले १८ वर्षांचे रे ब्रॅडबरीही होते. या तिघांनी पुढे विज्ञानकथेचा चेहरामोहरा बदलला. भविष्यातील माणसाचा पोशाख करून एक जोडपे याच संमेलनात वावरले. आजच्या 'कॉस्प्ले'चे मूळ तेथे सापडते.

दुसऱ्या महायुद्धातील चार वर्षे वगळता हे जागतिक संमेलन दरवर्षी भरते. तेथे येणारा तिकीट काढत नाही; तो सदस्य होतो. १९५३ पासून दिले जाणारे 'ह्यूगो' पुरस्कार सदस्यांच्या मतांवर ठरतात आणि पुढील संमेलन कोणत्या शहरात भरवायचे, हेही सदस्यच ठरवतात. आयोजनाचा भार बिनपगारी स्वयंसेवक उचलतात. ही व्यवस्था निर्दोष आहे असे नाही. २०२३ मध्ये चीनमधील चेंगडू येथे झालेल्या संमेलनात काही साहित्यकृती मतपत्रिकेतूनच वगळल्या गेल्याचे नंतर उघड झाले आणि मोठे वादळ उठले. मात्र हा जाब विचारणारेही सदस्यच होते.

परिसंवाद : भाषण कमी, चर्चा अधिक

आपल्या साहित्य संमेलनात ग्रंथदिंडी, अध्यक्षीय भाषण, परिसंवाद, कविसंमेलन आणि ठराव असा क्रम असतो. श्रोता मांडवात बसून ऐकतो. विज्ञानकथेच्या संमेलनात एकाच वेळी अनेक दालनांत कार्यक्रम चालू असतात. प्रत्येक परिसंवाद साधारण तासाभराचा. चार-पाच वक्ते आणि एक संचालक. लिहून आणलेली भाषणे वाचायची नाहीत, एकमेकांशी बोलायचे आणि शेवटची काही मिनिटे श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी राखायची. वक्त्यांमध्ये लेखकाच्या शेजारी अभियंता, डॉक्टर, भाषाभ्यासक आणि निव्वळ वाचकही असतो.

विषय ठोस असतात. प्रकाशाच्या वेगापेक्षा जलद प्रवास दाखवायचा झाल्यास कथेत कोणती तडजोड करावी लागते? काल्पनिक राज्याची भाषा कशी रचावी? विज्ञानकथेने विज्ञानाचे ज्ञात नियम कितपत पाळावेत, हा जुना वाद तर हमखास असतो. अद्भुतकथेला स्वतःचे नियम घालता येतात. पण एकदा घातले की तेही मोडता येत नाहीत.

याशिवाय एका टेबलाभोवती लेखक आणि आठ-दहा वाचक, अशा छोट्या गप्पाही होतात. त्यासाठी आधी नाव नोंदवावे लागते.

कार्यशाळा : लेखकाने गप्प बसायचे

संमेलनाचा सर्वांत कसदार भाग म्हणजे लेखन कार्यशाळा. सहभागी आपली कथा आधीच पाठवतो. इतरांच्या कथा वाचून येणे बंधनकारक असते. मग सर्व जण गोलाकार बसतात आणि प्रत्येक जण त्या कथेविषयी दोन-तीन मिनिटे बोलतो. तोपर्यंत लेखकाने एक शब्दही बोलायचा नाही, खुलासा करायचा नाही. अखेरीस त्याला उत्तर देण्याची संधी मिळते. अमेरिकेतील मिलफर्ड येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या लेखक मेळाव्यांतून ही पद्धत रुजली. १९६८ मध्ये सुरू झालेली सहा आठवड्यांची क्लॅरियन कार्यशाळा याच पद्धतीवर चालते. विख्यात लेखिका ऑक्टेव्हिया बटलर १९७० मध्ये तेथे विद्यार्थिनी होत्या. भारतात २००९ मध्ये आयआयटी कानपूर येथे तीन आठवड्यांची विज्ञानकथा लेखन कार्यशाळा झाली होती.

ही पद्धत आपल्याकडे जड का जावी, हे समजण्यासारखे आहे. आपल्या संमेलनातील कविकट्टा नवोदितांना व्यासपीठ देतो, हे त्याचे मोठेपण आहे. पण तेथे कवी कविता वाचतो, टाळ्या घेतो आणि खाली उतरतो. ती कोठे फसली, हे त्याला कोणी सांगत नाही.

जाणाऱ्यांसाठी

अशा कोणत्याही संमेलनाला प्रथमच जाणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

- नावनोंदणी आधी करावी. नावाचा बिल्ला सतत गळ्यात असावा. प्रवेश त्यावरच मिळतो.
- कार्यक्रमपत्रिका आदल्या रात्री वाचून निवड करावी. सर्व कार्यक्रम पाहणे अशक्यच असते.
- प्रश्न विचारताना प्रश्नच विचारावा, भाषण करू नये.
- वेशभूषेतील शस्त्रांच्या प्रतिकृतींसाठी नियम असतात, ते आधी पाहावेत. कोणाचेही छायाचित्र त्याला विचारल्याशिवाय काढू नये.
- चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांनी किंवा कमी ऐकू येणाऱ्यांनी आपली गरज आयोजकांना आगाऊ कळवावी.
- जुन्या जाणत्यांचा '५-२-१' हा नियम पाळावा : रोज किमान पाच तास झोप, दोन वेळचे जेवण आणि एक आंघोळ!

मराठीचे काय?

मराठीत यातले तुकडे आहेत, पण विखुरलेले. २४ एप्रिल १९६६ रोजी स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद ठिकठिकाणी वार्षिक अधिवेशने भरवत आली आहे आणि विज्ञानकथेला स्पर्धेचे पाठबळ तिनेच दिले. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिक येथे झालेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. नारळीकर यांना मिळाले, तेव्हा विज्ञानकथा मुख्य मांडवात आली. प्रकृतीमुळे ते स्वतः मात्र तेथे येऊ शकले नाहीत. विज्ञानकथेच्या अभ्यासकांची भारतीय संघटना १९९८ पासून आहे, पण तिच्या परिषदांचा भर शोधनिबंधांवर असतो. २०११ मध्ये दिल्लीत सुरू झालेले आणि नंतर मुंबईसह इतर शहरांत पोहोचलेले 'कॉमिक कॉन' गर्दी खेचते, पण ते मुख्यतः चित्रकथा, चित्रपट आणि विक्रीचे प्रदर्शन आहे.

नागपूर परिसरात साधनांची वाण नाही. १९९२ पासूनचे रमण विज्ञान केंद्र येथे आहे, विदर्भ साहित्य संघाने शंभरी ओलांडली आहे आणि जानेवारी २०२३ मध्ये येथील विद्यापीठाने भारतीय विज्ञान काँग्रेस भरविली. २००७ च्या नागपूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अरुण साधू यांनी तर 'विप्लवा' ही विज्ञान कादंबरी लिहिली होती. दोन दिवस, तीन दालने आणि आधी मागविलेल्या वीस कथा एवढ्यावर पहिले संमेलन उभे राहू शकते. लीड्सला याहून कमीच होते.

विषयही दूर शोधायला नको. कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. जुलै २०२२ मध्ये या केंद्राच्या खसाळा येथील राख तलावाचा बांध फुटला आणि राखेचे पाणी परिसरात पसरले. कोळसा संपेल किंवा बंद होईल त्या दिवशी हे गाव कसे असेल? राखेच्या त्या थरावर काय उगवेल? हे प्रश्न विज्ञानाचे आहेत आणि कथेचेही. बाळ फोंडके प्रयोगशाळेतून, तर सुबोध जावडेकर रसायन अभियांत्रिकीतून विज्ञानकथेकडे आले. वीज केंद्रात रात्रपाळी करणाऱ्या एखाद्या अभियंत्याच्या वहीत आज अशी कथा असेलही. नाव न पाहता ती वाचणारे, आणि तिच्यातील उणीव तोंडावर सांगणारे वीस वाचक त्याला एका खोलीत भेटले पाहिजेत.