कोंडलेला वायु आणि शेतकऱ्याची जमीन

कोळशाच्या वीजगृहांच्या धुराड्यांतून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइड वायूनें वातावरणाची उष्णता वाढते, हें आतां सिद्ध झालें आहे. हा वायु धुरांतून वेगळा काढून भूगर्भांत कोंडण्याची विद्याही निघाली आहे. ज्या प्रांतीं ती मोठ्या प्रमाणावर कसास लागली, तो गव्हाच्या शेतीचा प्रांत असल्यामुळें तेथील अनुभव शेतकरीवर्गानें समजून घेण्यासारखा आहे.

कॅनडांतील सॅस्कॅचेवान प्रांतांत एस्टेवान गांवाजवळ बाउंडरी डॅम नांवाचें वीजगृह आहे. तेथें लिग्नाइट जातीचा कोळसा जळतो. २०१४ च्या ऑक्टोबरांत त्याच्या तिसऱ्या संचावर वायु धरण्याची यंत्रसामग्री सुरू झाली. धूर अमाइन नांवाच्या रसायनाच्या द्रवांतून नेला म्हणजे तो द्रव वायु शोषून घेतो. पुढें द्रव तापविला असतां वायु सुटा होतो आणि द्रव पुनः कामास येतो. या खटाटोपांत वीजगृहाच्याच शक्तीचा बराच भाग खर्ची पडतो. वर्षास १० लक्ष टन वायु धरण्याचा संकल्प होता. तो आरंभीच्या वर्षांत तडीस गेला नाहीं, आणि २०१८ सालीं शेजारच्या दोन संचांस अशी सामग्री न जोडण्याचें ठरलें.

धरलेला वायु मुख्यत्वें वेबर्न येथील जुन्या तेलक्षेत्रांत सुमारें दीड किलोमीटर खोल सोडतात. अमेरिकेंतील नॉर्थ डाकोटांतूनही २००० सालापासून तेथें वायु येऊं लागला होता. त्याच्या योगानें खडकांत अडकलेलें तेल वर येतें. तें तेल पुढें जळणारच, हेंही हिशेबांत धरिलें पाहिजे.

२०११ च्या आरंभीं या क्षेत्रावरील एका शेतकरी कुटुंबानें तक्रार मांडली कीं, आपल्या शेतांतील पाण्यांतून बुडबुडे निघतात. कोंडलेला वायुच वर येत असावा. सालाअखेर स्वतंत्र तपासणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मातींतील वायु मुळांच्या व सूक्ष्म जंतूंच्या श्वसनाचा होता, भूगर्भांतील नव्हे. श्वसनांत जितका प्राणवायु खर्चतो, त्याच मानानें कार्बन डायऑक्साइड वाढतो. खालून गळती असल्यास हें प्रमाण बिघडतें.

आपल्या शिवारांतील मातीही असाच श्वास घेते, आणि ओल व ऊब मिळाली कीं तो वाढतो. यास्तव वायु आढळला एवढ्यावरून भय धरूं नये. परंतु गळती होणार नाहीं या कोरड्या आश्वासनावर विसंबूंही नये. उद्यां कोणाच्या जमिनीखालीं असें कोठार करण्याची मागणी आली, तर वायु सोडण्यापूर्वीं निदान वर्षभर, सर्व ऋतूंत, माती व विहिरीचें पाणी तपासून घ्यावें, आणि ती नोंद सातबाऱ्याच्या उताऱ्याइतकीच जपून आपल्या हातीं ठेवावी.