नातवंडे, बाग आणि एक सामायिक गाडी

घरातील मुलांच्या आरोग्याचा विषय निघाला की आपण आहार, लसी, झोप आणि मोबाईल यांविषयी बरेच बोलतो. एक साधा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आपले नातवंड गेल्या महिन्यात किती वेळा झाडे असलेल्या, मनसोक्त पळता येईल अशा मोकळ्या जागी गेले? मुंबईच्या उपनगरातील माझ्या दवाखान्यात येणाऱ्या आजी-आजोबांना मी हा प्रश्न आवर्जून विचारतो. त्यावर येणारे उत्तर बहुधा ठरलेले असते : "डॉक्टर, बागा आहेत हो, पण नेणार कोण?"

या उत्तरात तक्रार नाही, वस्तुस्थिती आहे. आई-वडील सकाळी आठला घर सोडतात आणि रात्री आठला परततात. रविवार घरातील साचलेल्या कामांत संपतो. मुले सांभाळणारे आजी-आजोबा गुडघेदुखीने किंवा दम लागत असल्याने दोन मुलांचे हात धरून रेल्वेचा पूल चढू शकत नाहीत. रिक्षाचे जाण्या-येण्याचे भाडे दर आठवड्याला परवडत नाही. परिणामी बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान एकाच शहरात असूनही कुर्ल्याच्या किंवा मानखुर्दच्या एखाद्या मुलाने बारा वर्षांचे होईपर्यंत ते पाहिलेले नसते.

मोकळ्या जागेची खरी गरज

केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांनुसार शहरात माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी. मुंबईत ती दोन चौरस मीटरही भरत नाही. त्यामुळे अनेक वस्त्यांमध्ये चालत जाण्याजोगी बागच नसते, आणि मुलाला बाग मिळवून द्यायची तर वाहन लागते. प्रवासाची सोय हा येथे आरोग्याचाच एक भाग ठरतो.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी साठ मिनिटे दमछाक होईल अशी हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. याच संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१६ पर्यंतची जगभरची माहिती तपासली, तेव्हा अकरा ते सतरा वयोगटातील शंभरांपैकी ८१ मुले या मर्यादेपर्यंत पोहोचत नसल्याचे आढळले. मुलींमध्ये हे प्रमाण ८५, तर मुलांमध्ये ७८ होते.

दुसरा मुद्दा डोळ्यांचा. तिसरी-चौथीतच चश्मा लागलेली मुले आपल्या आसपास किती वाढली आहेत, हे आपण पाहतच आहात. चीनमधील ग्वांगझू शहरातील बारा शाळांमध्ये याविषयी एक मोठा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांतील पहिलीच्या मुलांना दररोज चाळीस मिनिटे जादा मोकळ्या हवेत ठेवण्यात आले. तीन वर्षांनंतर या मुलांपैकी सुमारे ३० टक्के मुलांना लघुदृष्टिदोष झाला. ज्या शाळांत हा बदल केला नव्हता तेथे हे प्रमाण सुमारे ३९ टक्के होते. बाहेरचा प्रकाश, सावलीतलासुद्धा, घरातील दिव्यांच्या कितीतरी पट प्रखर असतो. त्या प्रकाशाने डोळ्याच्या पडद्यात डोपामिन हे द्रव्य स्रवते व नेत्रगोलाची अवाजवी वाढ रोखली जाते, असे मानले जाते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे माझे कर्तव्य आहे. महिन्यातून एकदा बागेत नेल्याने रोजच्या हालचालीची भरपाई होत नाही. सोसायटीच्या आवारात, गच्चीवर, शाळेच्या मैदानात रोज तासभर खेळ हवाच. मात्र ज्या मुलाला पळण्याची, झाडाखाली बसण्याची, मातीत हात घालण्याची गोडी लागली, ते घराबाहेर पडण्याचा हट्ट स्वतःच धरू लागते. मोठ्या बागेची सहल ही गोडी लावते.

प्रवेश मोफत, तरी मुले येईनात

अमेरिकेने २०१५ मध्ये चौथीच्या वर्गातील प्रत्येक मुलाला कुटुंबासह राष्ट्रीय उद्यानांत वर्षभर मोफत प्रवेश देण्याची योजना सुरू केली. परंतु प्रवेशशुल्क माफ झाले तरी गरीब वस्तीतील मूल उद्यानाच्या दारापर्यंत पोहोचणार कसे, हा प्रश्न उरतोच. तेथील नॅशनल पार्क फाउंडेशन या संस्थेने म्हणूनच शालेय सहलींच्या प्रवासखर्चासाठी अनुदाने दिली. आपल्याकडेही हेच सूत्र लागू पडते. तिकीट स्वस्त असले तरी दारात गाडी आणि सोबतीला माणूस नसेल, तर मूल घरातच राहते.

एकट्याला अवघड, चौघांना सोपे

एका आजोबांना दोन नातवंडे सांभाळणे कठीण जाते. तेच चार घरे एकत्र आली की चित्र पालटते. बारा मुले आणि चार मोठी माणसे एका सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये व्यवस्थित बसतात आणि भाडे वाटून घेतल्यावर प्रत्येकाचा भार हलका होतो. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळ किंवा सोसायटीची कार्यकारिणी यांनी महिन्यातून एकदा अशी गाडी ठरवावी. एखाद्या घराला भाडे जड जात असेल तर ते इतरांनी न बोलता उचलावे. त्या मुलाला त्याची जाणीवही होता कामा नये.

शाळेमार्फत जायचे झाल्यास एसटीची गाडी प्रासंगिक करारावर मिळते व शैक्षणिक सहलींना भाड्यात सवलतही असते. पालक-शिक्षक संघाच्या सभेत हा विषय आपण मांडू शकता.

गट ठरवताना पुढील पथ्ये पाळावीत :

• दर तीन-चार मुलांमागे एक मोठी व्यक्ती असावी. त्यांपैकी किमान एक जण धावू शकेल असा तरुण काका, मावशी किंवा मोठा भाऊ असावा.
• आसनांपेक्षा अधिक मुले कोंबू नयेत. लहानग्याला मांडीवर घेऊन पुढच्या आसनावर बसू नये.
• प्रत्येक लहान मुलाच्या खिशात पालकांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.
• चढताना व उतरताना मुले मोजण्याचे काम एकाच व्यक्तीकडे द्यावे.

किशोरवयीन मुलींचा विचार

वरच्या आकडेवारीत मुलींचे प्रमाण अधिक का, याचे उत्तर आपल्या घरांतच आहे. बारा-तेरा वर्षांची झाली की तिचे खेळणे हळूहळू थांबते. एकटीला पाठवायची भीती वाटते आणि ती भीती अनाठायी म्हणता येत नाही. आजी बरोबर आहे, शेजारच्या मैत्रिणी आहेत, गाडी दारातून नेऊन दारात आणते, एवढे असले की बहुतेक वडील हरकत घेत नाहीत. निघण्यापूर्वी स्वच्छतागृहाची चौकशी करावी आणि पिशवीत सॅनिटरी पॅड ठेवावेत. या दोन छोट्या गोष्टींअभावी अनेक मुली सहलीला नकार देतात व कारण सांगत नाहीत.

कोठे व केव्हा

आजी-आजोबांची चाल संथ असेल तर भायखळ्याची राणीची बाग उत्तम. १८६२ पासून लोकांसाठी खुल्या असलेल्या या बागेत सपाट रस्ते, जुन्या वृक्षांची दाट सावली आणि बसायला बाके आहेत. ती बुधवारी बंद असते. धारावीलगतचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान पूर्वीच्या कचराभूमीवर उभे राहिले आहे. ओसाड जागेचे जंगल कसे होते, हे मुलांना तेथे प्रत्यक्ष दाखवता येते. बोरिवलीचे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे असून सोमवारी बंद असते. कान्हेरी लेणी प्रवेशद्वारापासून बरीच आत आहेत, त्यामुळे तेथवर वाहनाची सोय आहे का हे आधी विचारावे. तेथे बिबट्यांचा वावर असल्याने मुलांना वाट सोडून झाडीत जाऊ देऊ नये.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातला पोहोचून दहाच्या आत परतावे.

पिशवीत काय असावे

प्रत्येकासाठी किमान एक लिटर पाणी, टोप्या, ओआरएसच्या पुड्या, साबण व मलमपट्टी. दमेकरी मुलाचा इनहेलर त्याच्याच जवळ असावा. गाडी लागणाऱ्या मुलास पुढच्या बाजूस बसवून खिडकीबाहेर दूरवर पाहायला सांगावे. निघण्यापूर्वी हलका नाश्ता द्यावा.

माकडांना खाऊ देऊ नये व त्यांच्यासमोर पिशवी उघडू नये. माकड किंवा कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी.

आता आपल्या स्वतःविषयी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन न्याहारी टाळू नका. हातपाय थरथरू लागले, घाम फुटला, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. हृदयविकार असेल तर आपली औषधे आणि औषधांची यादी जवळ ठेवा. नातवंडामागे धावण्याची गरज नाही. बाकावर बसून लक्ष ठेवणे हेही कामच आहे. मात्र थोडे अवश्य चाला. आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्याचा सल्ला ज्येष्ठांनाही आहे, आणि गप्पांच्या सोबतीने ती मिनिटे लवकर भरतात.

येत्या रविवारी शेजारच्या तीन घरांची दारे वाजवा. मुलांची नावे एका कागदावर लिहा, तारीख ठरवा आणि गाडीवाल्याला फोन करा. शक्य झाल्यास त्या यादीत आपल्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलांचीही नावे घाला.